नवजात अर्भक परिचर्या, गृहाधारित

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत अर्भकाची त्याच्या घरीच घेतली जाणारी शास्त्रीय काळजी. विदर्भातील गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने तिची परीक्षा घेतली. १९९३–९५ मध्ये प्राथमिक पाहणी झाली व १९९५ पासून ३९ गावांत काळजी सुरू करण्यात आली. तुलनेसाठी ४७ गावे होती. गावातीलच साक्षर स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकविण्यात आले. बाळाचे वजन व तापमान घेणे, श्वास मोजणे, ऊब राखणे, स्तनपानास साहाय्य करणे आणि जन्मतः गुदमरलेल्या बाळास कृत्रिम श्वास देणे या गोष्टी त्या शिकल्या. जंतुसंसर्गाची लक्षणे सौम्य दिसली, तरी तो झपाट्याने प्राणघातक ठरतो. म्हणून त्यावर जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्यासही त्यांना शिकविले गेले. प्रयोगाच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ होते. तिसऱ्या वर्षी (१९९७-९८) ते २५.५ झाले. तुलनेच्या गावांत ते ५९.६ राहिले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

२०११ मध्ये भारत सरकारने ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत गृहभेटींचा कार्यक्रम सुरू केला. रुग्णालयातील प्रसूतीनंतर सहा व घरच्या प्रसूतीनंतर सात भेटी ठरविण्यात आल्या. इंजेक्शनचे काम मात्र २०१४ च्या केंद्रीय सूचनांनी, विशिष्ट परिस्थितीपुरते, सहायक परिचारिका-प्रसाविकेकडे सोपविले. त्यामुळे महागाव (यवतमाळ जिल्हा) यांसारख्या ग्रामीण तालुक्यांत आजार ओळखणारी ‘आशा’ दाराशी असली, तरी वेळेवर उपचार मिळणे परिचारिकेच्या व रुग्णालयाच्या अंतरावर अवलंबून राहते.