मळसूत्री खाचा

नाशिक रोडहून पुण्याच्या वाटेला लागले की सिन्नरच्या पुढे नांदूर शिंगोटे येते. भागोजी नाईक तेथले. नगरच्या पोलिसांत अंमलदार होते. पुढे दंग्याच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली, आणि सुटून आल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला; पुढे ते बंड करून उठले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी त्यांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री मारला गेला.

त्या वर्षाची एन्फिल्ड रायफल सर्वांना ठाऊक आहे. खरे तर ठाऊक आहे ती तिची चरबी. चरबी लागत होती कशाला, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. या रायफलीच्या नळीत आतून तीन मळसूत्री खाचा असत. गोळी त्यांत रुतली तर भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत, वाट न सोडता जाते. पण तोंडाकडून ठासायच्या बंदुकीत इतकी घट्ट गोळी आत ढकलायची कशी? मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी तोड अशी: शिशाची गोळी नळीपेक्षा किंचित बारीक आणि बुडाशी पोकळ ठेवायची; बार उडाला की बूड फुगून खाचांत बसते. कागदासह गोळी सहज उतरावी म्हणून वंगण. सपाट नळीच्या बंदुकीचा नेम शंभरेक यार्डांपलीकडे भरवशाचा नसे. एन्फिल्डचा कित्येक पटींनी दूर जाई.

सिन्नर-अकोल्याच्या डोंगरांत एवढी लांबवरची नजर मिळते कुठे? तेथे सरकारला उपयोगी पडली ती वाटा जाणणारी माणसे. कॅप्टन नटॉलने महादेव कोळ्यांची तुकडी उभारली, तिला हलकी बंदूक व संगीन दिली. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी फ्रँक सूटरने मिठसागर येथे भागोजींना गाठले. त्या लढाईत ते मारले गेले. १८६१ मध्ये कोळ्यांची तुकडीही मोडण्यात आली.

बंडाचा धडा सरकारने बंदुकीच्या नळीत कोरला, किंबहुना कोरायचे सोडून दिले. १८५८ मध्ये देशी पलटणींसाठी निघालेली बंदूक दिसायला एन्फिल्डच. आत मात्र नळी रुंद आणि सपाट. खाचा म्हणजे विश्वास, आणि तो गोऱ्या पलटणींपुरताच उरला होता. पुढे त्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हाही देशी शिपायांच्या हाती बराच काळ जुनी स्नायडरच होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने रयतेला परवान्याखेरीज शस्त्र बाळगण्याची बंदी केली; युरोपियनांना तीतून सूट होती.