रॉयल चार्ल्सच्या रिकाम्या डेकवर

इंग्लंडच्या जुन्या पंचांगाप्रमाणे आज १२ जून १६६७. मेडवे नदीत, चॅटमच्या गोदीपासून थोडं खाली, 'रॉयल चार्ल्स' नांगरून पडलंय आणि तुम्ही त्याच्या डेकवर उभे आहात. इंग्लिश आरमाराचं हे ८० तोफांचं भूषण, पण बहुतेक तोफा उतरवलेल्या आणि खलाशी जवळपास नाहीतच. डांबराचा वास मात्र दरवळतोय.

पुढे टोकाशी चला. खाली वाकून पाहिलंत तर नेपच्यूनची मूर्ती दिसेल. तिच्या जागी आधी घोड्यावर बसलेला, राजसत्ता उलथवणारा क्रॉमवेल होता. १६५५मध्ये वूलिचला बांधलेल्या या जहाजाचं मूळ नाव 'नेझबी', म्हणजे राजाच्या फौजेचा जिथे पराभव झाला ते रणांगण! १६६०मध्ये परागंदा राजा चार्ल्स दुसरा मायदेशी परतला तो याच जहाजातून. तेव्हा नाव बदललं, पुढे मूर्तीही. दोन वर्षांनी त्याची पोर्तुगीज वधू कॅथरीन लिस्बनहून आली, तीही यातूनच. तिच्या हुंड्यात आपली मुंबई होती.

ऐका! गिलिंगहॅमकडून धडाका येतोय. नदीवर आडवी ताणलेली लोखंडी साखळी इंग्लंडशी युद्ध करणाऱ्या डचांनी तोडली. धुरातून एक छोटी होडी थेट तुमच्याकडे येते. मोजकी माणसं वर चढतात. अडवायला कुणीच नाही. झेंडा खाली येतो, तुतारी वाजते.

त्याहून जिव्हारी लागतात त्या डच जहाजांवरून येणाऱ्या इंग्रजी आरोळ्या. हे इंग्लंडचेच खलाशी. प्लेग, लंडनची आग आणि युद्ध यांनी खजिना आटला, तेव्हा राजाने मोठी जहाजं बंदरात बांधून ठेवली आणि खलाशांच्या हातावर रोख पगाराऐवजी वायद्याच्या चिठ्ठ्या टेकवल्या. त्या कवडीमोलाने विकून घर चालेना. डच रोख मोजतात.

आता तोल सांभाळा. उथळ पाण्यात तळ टेकू नये म्हणून डचांनी जहाज एका अंगावर कलवलंय. चॅटमचा कसलेला वाटाड्याही ज्या वाऱ्या-भरतीत धजला नसता, त्यात ते जहाज खाली उतरवतात.

पुढे हॉलंडमध्ये 'रॉयल चार्ल्स' बघ्यांसाठी ठेवलं गेलं आणि १६७३मध्ये मोडीत निघालं. ॲमस्टरडॅमला गेलात तर राइक्सम्यूझियममध्ये त्याच्या मागच्या भागावरचं सिंह आणि एकशिंगी घोड्याचं राजचिन्ह जरूर पाहा. खलाशांचा पगार थकवून वाचवलेला पैसा इंग्लंडला केवढ्याला पडला, ते तिथे टांगलेलं आहे.