पट्टा आणि कटोरी

ब्रेसियरच्या मापात एक आकडा असतो आणि एक अक्षर: ३४ बी, ३६ सी. आकडा छातीखालून अंगाभोवती जाणाऱ्या पट्ट्याचा, अक्षर कटोरीचे. अंगाचा घेर एक आणि उभार दुसरा, ही उघड गोष्ट मापात उतरायला मात्र विसाव्या शतकाची तीन दशके उलटावी लागली.

कटोऱ्यांची कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. ऑस्ट्रियाच्या पूर्व टिरोलमधील लेंगबर्ग किल्ल्याच्या दुरुस्तीत २००८ साली जुन्या कापडांचे असंख्य तुकडे सापडले. त्यांत पंधराव्या शतकातील, दोन स्वतंत्र कटोऱ्या शिवलेली लिननची अंतर्वस्त्रे होती. पुढे युरोपात कॉर्सेटचे राज्य आले. त्यात छाती खालून उचलली जाई आणि सारा भार बरगड्या व कंबर सोसत. पॅरिसच्या एर्मिनी कादोल यांनी १८८९ मध्ये कॉर्सेटचे दोन भाग केले आणि वरच्या भागाचा भार खांद्यावरच्या बंदांवर टाकला.

न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब यांनी नृत्यसमारंभाला जाताना दोन रेशमी रुमाल आणि गुलाबी फीत जोडून आपली चोळी केली. तिचे पेटंट ३ नोव्हेंबर १९१४ रोजी मिळाले. ते त्यांनी पुढे वॉर्नर कंपनीला १५०० डॉलरला विकले. हे वस्त्र हलके होते, पण छाती सपाट करणारे. एकच नग निरनिराळ्या बांध्याच्या बायकांना बसेल, असे पेटंटात म्हटले होते, कारण ते बंदांनी बांधायचे होते. महाराष्ट्रातल्या खणाच्या चोळीची खुबीही गाठीतच आहे. पुढची दोन टोके छातीखाली ओढून बांधायची. अंग भरले की गाठ सैल, उतरले की घट्ट. मापाचे काम गाठच करते.

तयार कपड्यांच्या धंद्याला गाठ पुरेना. १९२२ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एनिड बिसेट आणि आयडा रोझेंथाल यांच्या दुकानातले झगे गिऱ्हाइकांच्या अंगावर नीट बसत नसत. सपाट छातीची फॅशन तेव्हा जोरात होती. त्यांनी झग्याच्या आतच दोन कटोऱ्यांची पट्टी शिवली. आयडाचे पती विल्यम यांनी ती सुधारली आणि त्यातून ‘मेडनफॉर्म’ ही कंपनी उभी राहिली. कटोरीला अक्षरे दिली ती अमेरिकेतील एस. एच. कॅम्प कंपनीने, १९३२ मध्ये: ए ते डी. ही अक्षरे आधी छातीचा आकार व उतार दाखवत. छातीचा आणि छातीखालचा घेर यांतला फरक इंचांत मोजून अक्षर ठरवण्याची रीत नंतरची.

एक चुकीची रीत मात्र चिवट निघाली. छातीखालच्या घेरात चार इंच मिळवून पट्ट्याचा आकडा काढायचा, असे पूर्वी सर्रास शिकवत. कापड ताणत नसे तेव्हा त्याला काही अर्थ होता. १९५९ नंतर लायक्रासारखे ताणणारे धागे आले, तरी कित्येक दुकानांत ती बेरीज तशीच राहिली. छातीखाली ३२ आणि छातीवर ३६ इंच भरणाऱ्या स्त्रीचे माप ३२ डी. जुन्या हिशेबाने तिच्या हाती ३६ एए (ए हूनही लहान कटोरी) पडते. पट्टा सैल, कटोरी अपुरी. मग पट्टा पाठीवर वर सरकतो, सगळा भार बंदांवर येतो आणि खांद्यांवर वळ उमटतात. खांदे दुखणे हा बाईच्या नशिबाचा भाग नव्हे, ती मापातली चूक आहे.

भार पेलायचा तो पट्ट्याने. तो पुढून मागे एका रेषेत राहावा आणि खाली जेमतेम दोन बोटे जावीत. घालताना थोडे वाकून काखेकडचा भाग हाताने कटोरीत घ्यावा, मग बंद लांब-आखूड करावेत. नवी ब्रेसियर सगळ्यात बाहेरच्या हुकांवर नीट बसेल अशीच निवडावी. धुण्यापिळण्याने पट्टा सैल होत गेला की आतल्या ओळी कामी येतात.