माळ्यावरचं दूरदर्शन : जुन्या मालिका कोणी जपल्या?

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा समितीचा आग्रह झाला. सोसायटीचा इतिहास, म्हणजे जागेची खरेदी, नोंदणी, पहिली कमिटी, पाण्याचा प्रश्न, हे सगळं इतर लेखांत आलेलं आहे. म्हणून मी आपल्या घरांतल्या एका दुर्लक्षित वस्तूचा इतिहास सांगणार आहे. ती वस्तू म्हणजे माळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या व्हिडिओ कॅसेट. आपल्यापैकी बऱ्याच घरांत अजून त्या असतील. त्यांवर काय आहे, ते का मोलाचं आहे आणि आत्ताच का बघायला हवं, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

वरळीकडे तोंड केलेले ॲंटेना

भारतात दूरदर्शन सुरू झालं १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत, प्रयोग म्हणून. मुंबईला ते यायला तेरा वर्षं लागली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झालं. त्या वेळी तारापूरची अणुवीज भट्टी सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. म्हणजे आपल्या भागात अणुवीज आधी आली आणि टीव्ही नंतर, ही गंमतच म्हणायची!

वरळीच्या मनोऱ्यापासून पालघर सरळ रेषेत साधारण ८० किलोमीटर, बोईसर ९० च्या आसपास आणि तारापूर त्याहून थोडं पुढे. टीव्हीच्या लहरी सरळ जातात, पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळत नाहीत. त्यामुळे एवढ्या अंतरावर चित्र मिळायचं ते काठावर पास झाल्यासारखं. छपरावर उंच पाइप, त्यावर मोठा ॲंटेना, त्याला बूस्टर आणि त्याचं तोंड दक्षिणेला. वारा सुटला की ॲंटेना फिरायचा आणि पडद्यावर मुंग्या! मग एकाने वर चढायचं, दुसऱ्याने खिडकीतून "आलं, आलं... गेलं!" असं ओरडायचं. टीव्हीला तेव्हा रेडिओसारखंच लायसन्स लागायचं. आजच्या मुलांना हे सांगितलं तर खोटं वाटतं.

पण त्या मुंग्यांतूनही जे दिसायचं ते आपलं होतं. 'आमची माती आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम होता, 'ज्ञानदीप' होता. आकाशानंद यांच्या या कार्यक्रमामुळे गावोगावी ज्ञानदीप मंडळं निघाली. विनायक चासकरांचा 'गजरा' होता. साहित्यिकांच्या भेटी घडवणारा 'प्रतिभा आणि प्रतिमा' होता. बातम्या वाचायला भक्ती बर्वे, प्रदीप भिडे, अनंत भावे असायचे, आणि सिनेमात नाव होण्याआधी स्मिता पाटीलही. आणि चि. वि. जोशींच्या कथांवरचा 'चिमणराव'! दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ पाहायला ज्याच्या घरी शटरचा लाकडी टीव्ही असेल त्याच्याकडे अख्खी आळी जमायची.

पुसलेल्या टेप

आता खरा मुद्दा. यातलं किती आज शिल्लक आहे? फार थोडं. 'चिमणराव'चे मोजकेच भाग आज पाहायला मिळतात. १९७९ मध्ये त्याच पात्रांवर निघालेला चित्रपट टिकला, कारण चित्रपटाच्या प्रिंट निघतात, त्या थिएटरांत फिरतात. टीव्हीचा कार्यक्रम एकदा दाखवला की संपला, अशीच तेव्हाची समजूत होती.

याला कोणी एक दोषी नाही. पुष्कळसे कार्यक्रम थेट जात, म्हणजे मुळात मुद्रितच होत नसत. जे मुद्रित होत त्यांची टेप परदेशातून येणारी, महाग आणि मोजकी. एक कार्यक्रम पुसून त्याच टेपवर दुसरा घ्यायचा, ही रीतच होती. हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. इंग्लंडच्या बीबीसीनेही तेच केलं. 'डॉक्टर हू' या त्यांच्या प्रसिद्ध मालिकेचे १९६० च्या दशकातले शंभरच्या आसपास भाग असेच गेले.

मी आयुष्यभर बँकेत काम केलं. बँकांनी कोणती नोंद किती वर्षं जपायची याचे १९८५ चे नियम आहेत. काही नोंदी पाच वर्षं, लेजरसारख्या आठ वर्षं. एखाद्याच्या बचत खात्याच्या पानाला आठ वर्षांचं संरक्षण होतं. चिमणरावाला तेवढंही नव्हतं!

पण त्याच 'डॉक्टर हू'ची दुसरी बाजू ऐकण्यासारखी आहे. हरवलेल्या त्या सगळ्या भागांचा आवाज आज उपलब्ध आहे. का, तर त्या काळी काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो टिपून ठेवला होता. संस्थेने पुसलं आणि घरांनी जपलं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आपली गोष्टही तीच आहे.

व्हीसीआर घरात येतो

आपल्याकडेही सुरुवात आवाजापासूनच झाली. 'छायागीत' लागलं की टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, सगळ्यांनी गप्प बसायचं आणि नेमकी त्याच वेळी कुकरची शिट्टी व्हायची. ज्या घरांत हे झालं त्या घरांत गाण्याबरोबर ती शिट्टीही जपली गेली.

१९८२ मध्ये एशियाडच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आलं. १५ ऑगस्टपासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८४ मध्ये देशभर जवळजवळ रोज एक नवं प्रक्षेपण केंद्र उघडत होतं. त्याच सुमारास व्हीसीआर दिसू लागले, कोणाच्या आखातातल्या नातेवाइकाने आणलेले, कोणी भाड्याने घेतलेले. गणपतीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी आणून तीन सिनेमे लागोपाठ बघणं ही चैन होती. पण ज्यांच्याकडे स्वतःचं यंत्र होतं त्यांच्या लक्षात आलं की यावर दूरदर्शनही टिपता येतं. तिथून घरगुती संग्रह सुरू झाला.

आणि टिपण्यासारखं काय नव्हतं! ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झालं, दीडशेच्या वर भाग चाललं. मग 'ये जो है जिंदगी', 'नुक्कड', 'करमचंद', 'बुनियाद', शंकर नाग यांचं 'मालगुडी डेज', गोविंद निहलानींचं 'तमस', आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रांवरचं 'वागले की दुनिया'. मराठीत १९९० मध्ये ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' राजदत्त यांनी घरोघरी पोहोचवला. श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज'च्या ५३ भागांत शिवाजी महाराजांच्या भूमिकेत नसीरुद्दीन शाह होते, हे आजच्या तरुणांना सांगून पाहा.

सगळ्यांत मोठा पसारा रामायण-महाभारताचा. 'रामायण' २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८, ७८ भाग. 'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, ९४ भाग. बँकवाल्याच्या सवयीने हिशेब करतो. तीन तासांच्या एका कॅसेटवर जाहिरातींसकट चार भाग बसत. म्हणजे रामायणाला २० कॅसेट, महाभारताला २४. एकूण ४४ कॅसेट आणि जवळजवळ साडेतीन वर्षांचे बहुतेक सगळे रविवार! एखादा रविवार वीज गेली की साखळी तुटायची. त्यामुळे ज्यांच्याकडे पूर्ण संच होता त्यांना मान होता, आणि तो उसना मागणारेही पुष्कळ होते.

काही जण जाहिरात आली की चपळाईने पॉजचं बटण दाबत, जागा वाचावी म्हणून. काही जणांनी आळसाने सगळंच टिपलं. आज उलटं झालं आहे. मालिका कंपन्यांनी पुन्हा काढल्या, पण मधल्या जाहिराती, निवेदिकेची दोन वाक्यं, 'रुकावट के लिए खेद है' ची पाटी हे फक्त त्या आळशी माणसांच्या कॅसेटवर सापडतं. अभ्यासकाला तेच हवं असतं, कारण त्यात तो काळ आहे.

चकत्यांचा जमाना

आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा कॅसेट मागे पडत चालल्या होत्या. 'अल्फा मराठी' १९९९ मध्ये सुरू झालं होतं, 'आभाळमाया' घराघरांत चालू होतं. बोईसरच्या बाजारात व्हीसीडी मिळू लागल्या होत्या. पुढे २००७ च्या सुमाराला मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली आणि संग्रह करणं कोणालाही परवडू लागलं. मराठी नाटकं, 'भारत एक खोज', 'मालगुडी डेज' यांचे संच विकत मिळू लागले. घरच्या कॅसेट मग माळ्यावर गेल्या. व्हीसीआर बिघडला तो कोणी दुरुस्त केला नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये जुनं दूरदर्शन अचानक परत आलं. २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा लागलं, १३ एप्रिलला 'डीडी रेट्रो' हे वेगळं चॅनेलच सुरू झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने 'वेव्ज' हे ॲप काढलं. यूट्यूबवरही सह्याद्री वाहिनीचं पुष्कळ जुनं साहित्य आहे. मग माळ्यावरच्या कॅसेट कशाला हव्यात, असं कोणीही विचारेल.

उत्तर सरळ आहे. यूट्यूबवर आज आहे ते उद्या असेलच असं नाही. हक्कांचा वाद झाला, करार संपला की ते जातं. आपण ते बघतो, पण ते आपल्याजवळ नसतं. दुसरं म्हणजे, जे संस्थेकडेच उरलेलं नाही ते ॲपवर कुठून येणार? ते सापडलं तर कोणाच्या तरी घरीच सापडणार. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात मॅरियन स्टोक्स नावाच्या एक बाई होत्या, पूर्वी ग्रंथपाल होत्या. त्यांनी १९७९ पासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत घरी रात्रंदिवस टीव्हीच्या बातम्या टिपल्या. सत्तर हजारांवर कॅसेट! लोकांनी त्यांना वेडं ठरवलं. आज तो संग्रह इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने ताब्यात घेतला आहे. आपल्याला एवढं करायचं नाही. फक्त आहे ते फेकायचं नाही.

वेळ का कमी आहे

चुंबकीय फितीचं आयुष्य साधारण दहा ते तीस वर्षं धरतात. १९८८ ची कॅसेट आज त्याच्या पुढे गेली आहे. त्यात आपला समुद्रकाठ, खारी हवा आणि चार महिने पावसाची ओल. फितीवर पांढरी बुरशी धरते. यंत्रंही संपली. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. युनेस्कोच्या साथीने २०१९ मध्ये जगभर एक मोहीम निघाली. तिचा इशारा असा होता की २०२५ नंतर अशा फिती उतरवून घेणं फार अवघड होईल, कारण यंत्रं, सुटे भाग आणि जाणकार हे तिन्ही उरणार नाहीत.

त्यामुळे काही साध्या सूचना करतो.

१. कॅसेट उभ्या ठेवा, आडव्या नकोत. माळ्याऐवजी कोरड्या कपाटात, सोबत सिलिका जेलची पुडी.

२. खिडकीतून पांढरी पूड दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नका. बुरशी यंत्रात जाते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. ती जाणकाराकडेच द्या.

३. चालू व्हीसीआर आणि यूएसबीचं एक छोटं उपकरण मिळालं तर संगणकावर उतरवता येतं. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, घाई चालत नाही. पण हे काम निवृत्त माणसाला फार छान जमतं.

४. उतरवलेल्या फाइलच्या दोन प्रती, दोन वेगळ्या जागी ठेवा. एक मुलाकडे पुण्याला किंवा परदेशात असली तर उत्तम. घरी भरलेल्या डीव्हीडीवर विसंबू नका.

५. कॅसेटवरचं लेबल काढू नका. तारीख, चॅनेल, टिपणाऱ्याचं नाव हीच खरी नोंद. लेबल नसेल तर घरातल्या ज्येष्ठांना विचारून आजच लिहा.

६. हे सगळं स्वतःच्या घरासाठी. प्रती विकणं किंवा इंटरनेटवर चढवणं हा हक्कदारांचा अधिकार आहे. मात्र एखादी दुर्मीळ गोष्ट हाती लागली, समजा 'गजरा' किंवा 'चिमणराव', तर दूरदर्शनला जरूर कळवा.

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने इमारतींचं रंगकाम होतंय, घरोघरी माळे रिकामे होतायत आणि भंगारवाला रोज फाटकाशी उभा असतो. कॅसेटचं तो काही देतही नाही, वजनात धरून नेतो. त्याला द्यायच्या आधी एकदा लेबल वाचा. सोसायटीच्या ऑफिसात मी एक वही ठेवली आहे. कोणाकडे कोणत्या कॅसेट आहेत आणि कोणाचा व्हीसीआर अजून चालतो, एवढंच त्यात लिहायचं. वस्तू तुमच्याकडेच राहील. पहिल्या पानावर दोन विंगमधल्या नऊ घरांच्या नोंदी झाल्या आहेत, चालू व्हीसीआर मात्र अजून एकच आहे.