मागच्या जोड चाकांची हवा : ठोका बाहेरच्याला, धोका आतल्याला

महाड/पोलादपूर : ट्रक, डंपर, आयशर नाहीतर ४०७, गाडी कुठलीही असो, आपल्याकडे सकाळ साधारण एकाच पद्धतीने सुरू होते. क्लीनर टॉमी घेऊन खाली उतरतो, मागच्या टायरवर दोन-चार ठोके मारतो, आवाज टणक आला की गाडी निघते. त्या ठोक्यावरून एवढंच कळतं की टायर अगदी बसलेला नाही. आत ११० पौंड हवा आहे की ८०, हे आवाजावरून कुणालाच सांगता येत नाही, वीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेल्यालाही नाही. शिवाय ठोका बसतो तो बाहेरच्या टायरला. आतला तसाच राहतो.

पुढचा टायर बसला तर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, चालकाला लगेच समजतं. मागच्या जोडीत तसं होत नाही. आतल्याची हवा गेली तरी बाहेरचा टायर गाडी उचलून धरतो. गाडी कलत नाही, आवाज येत नाही, आरशातही काही दिसत नाही. मात्र सगळा भार एकट्या बाहेरच्यावर येतो.

तो भार किती, याचा हिशेब सोपा आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली, त्यात चार टायरच्या एका एक्सलला १०.२ टनांऐवजी ११.५ टन झाले. म्हणजे टायरमागे २,८७५ किलो. एका बाजूचा आतला टायर मोकळा झाला, की त्या बाजूच्या बाहेरच्या टायरवर ५,७५० किलो येतात. आता टायरच्या अंगावर काय छापलंय ते बघा. १४९/१४६ असे दोन आकडे एकत्र असतात. पहिला टायर एकटा असतानाचा, दुसरा जोडीत असतानाचा. १४९ म्हणजे ३,२५० किलो आणि १४६ म्हणजे ३,००० किलो. एकटा टायर जोडीचं वजन कधीच पेलू शकत नाही, हे कंपनीने टायरवरच लिहून ठेवलंय. आतलं चाक काढून बांधून टाकायचं आणि भरलेली गाडी तशीच गावापर्यंत न्यायची, ही जी सवय आहे ती म्हणूनच वाईट. रिकामी गाडी हळूहळू जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत नेणं वेगळं.

हवा पूर्ण गेली तर निदान संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी लक्षात येतं. जास्त नुकसान अर्धवट हवेने होतं. दोन्ही चाकं एकाच हबला आवळलेली असतात, त्यामुळे फेरे दोघांचे सारखेच. कमी हवेचा टायर थोडा बसका, म्हणून त्याचा घेर लहान. एका फेऱ्यात त्याने कमी अंतर कापायला पाहिजे, पण जोडीदार त्याला ओढत नेतो आणि तो रस्त्यावर घासत चालतो. प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजू जास्त वाकते, रबर आतून तापतं, तारा आणि थर सुटायला लागतात. दोन्हींच्या बाजू फुगून एकमेकांना लागल्या तर तिथेही घर्षण. जांभा चिरा किंवा खडी वाहणाऱ्या गाडीत दोन टायरच्या मध्ये दगड अडकून बसला तर तो दोघांच्या बाजू कापतो, नाहीतर सुटून मागच्या मोटरसायकलवर उडतो. खाणीतून किंवा साइटवरून बाहेर पडताना वाकून मधली फट बघायला अर्धा मिनिट लागतो.

आपल्या भागात यात घाटाची भर पडते. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी, महाडहून भोरला जाणारा वरंधा, खेडकडचा कशेडी. बोगदा झाल्यापासून कशेडीच्या वळणांचा त्रास कमी झाला, बाकी दोन्हीकडे उतार तेच आहेत. उतरताना ब्रेकचे ड्रम तापतात आणि ड्रम असतो आतल्या चाकाच्या रिमच्या पोटात. वारा लागतो बाहेरच्या टायरला, धग लागते आतल्याला. त्यात हवा आधीच कमी असेल, वर एप्रिल-मेचं ऊन असेल, तर फुटणं किंवा पेट घेणं लांब नाही. घाट उतरून थांबल्यावर हाताची मागची बाजू प्रत्येक टायरच्या जवळ न्या. चारही सारखे गरम असतील तर ठीक. एकच जास्त तापलेला असेल तर त्याच्यात हवा कमी आहे किंवा त्या बाजूचा ब्रेक धरून बसलाय. धूर दिसला तर सगळ्यांनी लांब व्हायचं, टायरसमोर उभं राहायचं नाही.

तपासायची कशी

मीटरनेच, आणि थंड टायरवर. गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे किंवा दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसावी. म्हणजे सकाळी, दारातच. पंपापर्यंत दहा किलोमीटर जाऊन घेतलेला आकडा खरा नसतो. सकाळी ११० असलेला टायर दुपारी भार घेऊन तापला की १२० ते १२५ दाखवतो. तो बघून हवा सोडायची नाही. सोडली तर थंड झाल्यावर टायर ९५ वर येतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी जास्त तापतो. ही चूक उन्हाळ्यात फार होते.

आतल्या टायरचा वॉल्व बाहेरच्या रिमच्या भोकातून दिसतो. त्यासाठी लांब दांड्याचं, पुढे-मागे दोन तोंडं असलेलं मीटर मिळतं. ज्याच्याकडे जोड चाकांची गाडी आहे त्याने ते स्वतःचं ठेवावं, दुकानातल्या पडून घासलेल्या मीटरवर भरवसा ठेवू नये. चाकं बसवताना दोन्ही रिमची भोकं समोरासमोर आणि दोन वॉल्व एकमेकांच्या विरुद्ध बाजूला येतील असं सांगायचं. पंक्चरवाल्याने घाईत कशीही बसवली तर पुढे सहा महिने आतल्या वॉल्वला हात लागत नाही आणि मग कुणी तपासतही नाही.

जोडीतल्या दोघांत ५ पौंडापेक्षा जास्त फरक नको. आकडा कुठला धरायचा, तर गाडीच्या पुस्तकातला किंवा टायर कंपनीच्या तक्त्यातला, आपल्या टायरच्या मापाचा. मोठ्या ट्रकला तो साधारण १०० ते १२० पौंडांत येतो, ४०७ सारख्या गाडीला कमी. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला चालत नाही. येताना गाडी रिकामी असते म्हणून रोज हवा कमी-जास्त करत बसणं जमणारं नाही, भरलेल्या वजनाची हवा ठेवावी.

हवेच्या जोडीने उंचीही जुळली पाहिजे. नवा आणि घासलेला, किंवा एक रिमोल्ड आणि एक कोरा, अशी जोडी लावली की मीटरवर आकडा सारखा असूनही मोठा टायर जास्त भार घेतो. लहान गाडीच्या टायरमध्ये व्यासाचा फरक ६ मिलिमीटरच्या आत हवा. थोडा फरक असलाच तर मोठा बाहेर, लहान आत. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद.

पावसाळ्यात वॉल्वमध्ये चिखल जातो. टोपी असेल तर जात नाही, पण आपल्याकडच्या निम्म्या गाड्यांना टोप्याच नसतात. सावित्रीच्या पुरात गाडी उभी होती असेल तर हवेबरोबर ब्रेकही उघडून बघायचे.

पंक्चरच्या दुकानात

इथे जीव जातात, म्हणून थोडं सविस्तर. ११० चा टायर ८८ च्या खाली, म्हणजे पाचवा हिस्सा हवा गेलेल्या अवस्थेत चालला असेल, तर त्यात नुसती हवा भरून पुढे जायचं नाही. त्याच्या बाजूच्या तारा आत तुटलेल्या असू शकतात आणि हवा भरतानाच बाजू चेन उघडावी तशी फाटते. टायर उतरवून आतून बघितलाच पाहिजे. भरताना लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, बाजूला उभं राहून भरायचा.

ट्यूबवाल्या जुन्या रिमला लॉक रिंग असते. चाकाचे नट सैल करायच्या आधी जोडीतल्या दोन्ही टायरची हवा वॉल्वची पिन काढून पूर्ण सोडायची. रिम तडकलेली असेल आणि हवा तशीच असेल, तर नट सुटताच रिंग उडते, आणि पाना धरणाऱ्याचं तोंड तिच्या समोरच असतं. हवा सोडायला पाच मिनिटं लागतात म्हणून चालक घाई करतात. दुकानातला पोरगा काही बोलत नाही. चालकानेच थांबावं.

चाक बसवल्यावर नट समोरासमोरचे एकाआड एक आवळायचे आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळायचे. जोडीत दोन रिम एकावर एक बसतात. मध्ये गंज, रंग किंवा चिखल राहिला तर तो दबतो आणि नट आपोआप सैल पडतात. बसवण्याआधी दोन्ही रिमच्या टेकणाऱ्या जागा तारेच्या ब्रशने साफ करून घ्याव्यात.