डोलकाठी कुणी बसवली?

अड्याळहून कोणताही समुद्र ५०० किलोमीटरपेक्षा जवळ नाही. पवनी तालुक्यातल्या या गावात बसून मी शिडाच्या होड्यांवर लिहितो आहे, याचे मित्रांना हसू येते. आमच्याकडे वैनगंगा आहे, तिच्यावर ढिवर बांधवांचे डोंगे आहेत. पण डोंग्याला डोलकाठी नसते. तो बांबूने रेटायचा आणि वल्ह्याने वळवायचा. वारा आमच्या धानपट्ट्यात लागतो तो धान उफणायला.

तरी या विषयात आमच्यासारख्या जंगलपट्टीतल्या माणसाला शिरायला एक वाट आहे, ती लाकडाची. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर एक प्रकरण आहे. त्यातला आंब्या-फणसाचा भाग पुष्कळांना माहीत असतो: रयतेने लेकरासारखी वाढवलेली झाडे तोडून तिला दुखवू नका, मालक राजी असेल तरच आणि मोल देऊनच घ्या. त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कुणी फारसे पाहत नाही. आरमाराला फळ्यांबरोबर डोलाच्या काठ्यांसाठी मोठे लाकूड लागते. ते आपल्या रानातल्या सागासारख्या झाडांचे, हुजूरची परवानगी काढून न्यावे आणि कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे, असे अमात्य सांगतात. डोलकाठीचे लाकूड परक्या मुलखातून आणावे लागले तर आणा, हे राज्यकारभाराच्या ग्रंथात इतक्या सहजपणे लिहिलेले आहे. जहाज बांधणाऱ्याला लाकूड सरळ आहे की नाही हे बघायचे असते. ते कुठल्या मुलखातले, हा प्रश्न त्याच्यासाठी नंतरचा.

या सागाचीच एक गंमत आहे. अरबीत सागाला ‘साज’ म्हणतात आणि तो शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला. वाळवंटी किनाऱ्यांवर जहाजाजोगे लाकूड नव्हते. फळ्या, डोलकाठ्या, काथ्याचे दोर असे सगळे हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून जायचे. डोलकाठीसाठी मलबारकडच्या पून नावाच्या सरळसोट झाडालाही मोठी मागणी असे. साग तिकडे गेला, तर सुकाणू इकडे आले. ‘सुकाणू’ हा अरबी ‘सुक्कान’. ‘खलाशी’ अरबी, ‘बंदर’ फारसी, ‘दर्या’ फारसी. नाखवा म्हणजे फारसीतला ‘नाखुदा’, नावेचा धनी. सारंग म्हणजे ‘सरहंग’. आंग्र्यांच्या आरमारातली गुराब म्हणजे अरबी ‘गुराब’, अर्थात कावळा. जंजिरा म्हणजे ‘जझीरा’, बेट. पावसाळी वाऱ्यांना जग ज्या नावाने ओळखते तो ‘मान्सून’ही अरबी ‘मौसिम’वरून आलेला. हे शब्द मराठीतून वेचून काढायचे ठरवले, तर होडी किनाऱ्यावरून हलायचीच नाही.

शब्द लढाईतून येतात, दरबारातून येतात, हे आपल्याला शिकवलेले असते. हे शब्द मात्र कामातून आले. आणि ते काम काय होते, हे मला राजपुरीच्या धक्क्यावर नीट कळले. मुरूडजवळच्या राजपुरीहून जंजिरा किल्ल्यात जायला आजही शिडाच्या होड्या आहेत. पर्यटक किल्ल्याकडे बघत असतात. मी डोलकाठीकडे बघत बसलो होतो. एक जुनी, दुसऱ्याकडून विकत घेतलेली होडी वाळूवर ओढलेली होती आणि तिची डोलकाठी नव्याने बसवायचे काम चालले होते. दाढी पांढरी झालेला एक तांडेल आणि दोन पोरे. मी विचारले, “चाचा, काठी वाकडी बसली आहे का? पुढे झुकली आहे.” ते हसले. “वाकडी नाही, ती तशीच पाहिजे. सरळ उभी केली तर परबाण घासेल.”

परबाण म्हणजे शीड ज्या लांब तिरक्या काठीला बांधतात ती. आखाती अरबांच्या बोलीत तिला ‘फरमान’ म्हणतात. शब्द कुणाकडून कुणाकडे गेला यावर वाद घालणारे घालोत. आपल्या किनाऱ्यावरच्या होड्यांची डोलकाठी जाड, बुटकी आणि नाळेच्या दिशेने, म्हणजे पुढे, कललेली असते. परबाण मात्र तिच्याहून पुष्कळ लांब, दोन-तीन काठ्या एकावर एक चढवून दोराने आवळून केलेली. कधीकधी ती होडीपेक्षाही लांब भरते. एवढे ओझे डोलकाठीच्या शेंड्यावरून लोंबकळते. काठी सरळ असेल तर परबाण तिच्या अंगावर घासत राहणार, दोर झिजणार, शीड मोकळे फिरणार नाही. काठी पुढे कलली की परबाण तिच्यापासून सुटी लटकते. पण कल जास्त झाला तर सगळा भार नाळेवर येतो आणि होडी लाटेत नाक खुपसते. किती कल द्यायचा, हे त्या तांडेलाने कुठल्या मापाने ठरवले नाही. तो होडीपासून दहा पावले मागे गेला, एक डोळा मिटून पाहिले आणि पोरांना म्हणाला, “जरा घे.”

जुन्या होडीत पहिली तपासणी डोलकाठीच्या बुडाची. होडीच्या तळातल्या जाड लाकडात एक खाच असते, तिच्यात काठीचा पाय बसतो. वर एका आडव्या भक्कम तुळईला काठी दोराने जखडतात. खाचेत पावसाचे पाणी साचून राहते आणि काठी खालून कुजते. वरून ती ठणठणीत दिसते, म्हणून घेणारा फसतो. कुजका भाग कापला की काठी आखूड होते, परबाण खाली येते आणि पहिल्या मापाचे शीड या काठीला लांब पडू लागते. मग शीडही नव्याने बेतावे लागते. उलट, आखूड काठी काढून कुणी उंच काठी बसवली, मोठे शीड चढवले, तर जोराच्या वाऱ्यात होडी कलंडते. तिची रुंदी आणि तळातले वजन जुन्या काठीच्या हिशेबाने ठरलेले असते. काठी, परबाण, शीड आणि होडी यांचे माप एकमेकांत गुंतलेले असते. एक बदलले की बाकी तिघांना विचारावे लागते.

शिडाचे तसेच. पुढचा खालचा कोपरा नाळेशी बांधायचा, मागच्या कोपऱ्याचा दोर सुकाणू धरणाऱ्याच्या हाताशी ठेवायचा. मधे शिडाला पोट हवे, पण बेताचे. जुन्या शिडाच्या कडा ताणून सैल झालेल्या असतात; वारा भरला की कड फडफडते आणि वारा गळून जातो. तेव्हा कडेचा दोर उसवून, ताण देऊन पुन्हा शिवतात. सगळ्यात अवघड काम म्हणजे दिशा बदलताना शीड डोलकाठीच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला नेणे. होडीची पाठ वाऱ्याकडे वळवायची, मागचा दोर सोडायचा, परबाण उभी करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे फिरवायची आणि शीड पुन्हा ताणायचे. काठीला आधार देणारे दोरही कायमचे बांधलेले नसतात. वारा ज्या अंगाने असेल त्या अंगाला ते दर वेळी नेऊन बांधावे लागतात. यात एकाचा हात उशिरा आला तर परबाण कुणाचेही डोके फोडेल. म्हणून सगळ्यांना एकच बोली कळावी लागते. तांडेलाने एक शब्द उच्चारला की कोळी असो, खारवी असो, गाबीत असो, दालदी असो, हात त्याच दोराकडे जायला हवा. मराठी दर्यावर्दींची भाषा अशी घडली.

अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त जहाजावरच्या माणसांची यादी आहे. समुद्रापासून दूर, अकबराच्या दरबारात लिहिलेली. तीत नाखुदा आहे, मुअल्लिम म्हणजे मार्ग दाखवणारा आहे, सरहंग आहे, डोलकाठीच्या टोकावर बसून जमीन आणि वादळ हेरणारा पंजरी आहे. तिथेच फारसी-अरबी शब्दांच्या ओळीत तांडेल आहे, कोठार सांभाळणारा भंडारी आहे आणि शिडे चढवणारे-उतरवणारे खारवे आहेत. शाही दप्तरालाही हे शब्द बदलता आले नाहीत, कारण जहाजावर तेच चालत होते. नाखवा हे आडनाव आज कोळ्यांतही आहे आणि कोकणी मुसलमानांतही.

आता मुद्द्याचे बोलतो. दरवर्षी १९ फेब्रुवारी जवळ आली की आपल्या मोबाइलवर शिवरायांच्या मुस्लिम सरदारांची यादी फिरू लागते. तीत दर्यासारंग आणि दौलतखान असतातच. यादीतली ही नावे खरी आहेत. १६७९ साली खांदेरीच्या लढाईत मराठ्यांच्या आरमाराचे नेतृत्व दौलतखानाकडे होते, बेटावर मायनाक भंडारी तळ ठोकून होता आणि इंग्रजांची मोठी जहाजे मराठ्यांच्या लहान, चपळ होड्यांपुढे हैराण झाली होती. पण ही यादी ज्या सुरात पाठवली जाते त्याचा मला कंटाळा आहे. तिचा अर्थ असा होतो की, राजाची चाकरी केली म्हणून आम्ही इथले. जणू या किनाऱ्यावरच्या आपल्या असण्याला दाखला लागतो आणि तो दौलतखानाने आपल्यासाठी काढून ठेवला आहे. त्याच खांदेरीत सिद्दी कासम इंग्रजांच्या मदतीला आला होता, हे त्या यादीत नसते. दोन्हीकडच्या ताफ्यांत मुसलमान होते. दोन्हीकडच्या डोलकाठ्या पुढे कललेल्या होत्या.

दाखलाच हवा असेल तर तो याहून सातशे वर्षे जुना आहे. हिजरी ३०४, म्हणजे इसवी सन ९१६-१७ च्या सुमारास, अल-मसूदी हा प्रवासी सैमूरला, म्हणजे आजच्या चौलला, आला होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान तिथे राहत असल्याचे तो नोंदवतो. राज्य राष्ट्रकूटांचे होते. इथे जन्मलेल्यांसाठी त्याने वेगळा शब्दही दिला आहे, ‘बयासिरा’. त्यानंतर दहाएक वर्षांनी, शके ८४८ (इ. स. ९२६) मध्ये, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला ताम्रपट कोरला गेला. त्यात संजानच्या मुलखाचा कारभारी म्हणून ‘मधुमती’ नावाचा ताजिक, म्हणजे अरब, येतो. अभ्यासक हे मोहम्मद या नावाचे संस्कृत रूप मानतात. राष्ट्रकूट राजाने नेमलेल्या या कारभाऱ्याने एका मठाच्या दानाला संमती दिली. शिवाय नदीच्या पात्रांवर लोकांसाठी फुकट नावा सुरू केल्या. मला या ताम्रपटातली ही फुकट नाव फार आवडते. तिच्यात बसताना कुणी कुणाला जात-धर्म विचारला असेल तो विचारला असेल, पण भाडे मागितले नाही.

पुढच्या काळात हीच मंडळी मुंबईत मोठी झाली. एकोणिसाव्या शतकात चीनच्या व्यापारात जमशेटजी जिजीभाईंचे भागीदार होते मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान जहाजमालक मोहम्मद अली रोगे. एक पारशी, एक जैन, एक मुसलमान. मग आगबोटी आल्या आणि नंतर लहान होड्यांनाही इंजिने बसली. डोलकाठ्या कापून त्यांचे वासे झाले.

शीड कसे उभारायचे हे ज्ञान एकदा गेले की ते कागदावरून परत आणणे किती कठीण असते, याचे ताजे उदाहरण आपल्याच अजिंठ्याचे आहे. अजिंठाही समुद्रापासून लांब, सह्याद्रीच्या अलीकडे. तिथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवलेले आहे. त्याच्यावर उभी, चौकोनी शिडे आहेत. पुढे कललेली काठी आणि तिरकी परबाण तिथे नाही. अजिंठ्याच्या चित्रांचा आधार घेऊन भारतीय नौदलाने काथ्याने शिवलेले एक जहाज बांधून घेतले. शिवणीचे काम केरळच्या कारागिरांनी केले आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले. फळ्या शिवणारे हात अजून हयात होते, म्हणून ते जमले. शिडांचे मात्र तसे नव्हते. अशा चौकोनी शिडांचे आणि सुकाणूऐवजी वल्ह्यांनी वळवायचे जहाज आपल्याकडे आज कुणी चालवत नाही आणि चित्रात दोरांची गाठ दिसत नाही. तेव्हा आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागात जहाजाचा नमुना करून तो पाण्यात तपासावा लागला आणि लाकडी डोलकाठ्या वाऱ्याचा ताण सोसतील की नाही, याचा हिशेब नौदलाने वेगळा केला.

राजपुरीच्या त्या होडीची काठी त्या दिवशी दुपारपर्यंत बसली. पोरांनी शीड चढवले तेव्हा मागची कड थोडी फडफडत होती. तांडेलाने ती हाताने चाचपली आणि म्हणाला, “उद्या शिवून घेऊ, आजच्या वाऱ्याला चालेल.”