बड्या खातेदाराचा गुन्हा: बँक जबाबदार कधी ठरते?

कळंबमध्ये बँकेत खातं उघडायला गेलात, तर आधी आधार, पॅन आणि फोटो मागतात. ही चौकशी कोट्यधीश ग्राहकाचीही व्हायला हवी. ती टाळली, तर बँकच अडचणीत येते.

कायदा काय सांगतो?

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२ नुसार बँकेने ग्राहकाची ओळख पटवायची, नोंदी ठेवायच्या आणि संशयास्पद व्यवहार केंद्राच्या एफआययू या यंत्रणेला कळवायचे. यात कसूर झाल्यास प्रत्येक चुकीला १० हजार ते १ लाख रुपये दंड होऊ शकतो. मार्च २०२४ मध्ये पेटीएम पेमेंट्स बँकेला असा ५.४९ कोटींचा दंड झाला. ऑनलाइन जुगार चालवणाऱ्यांचा पैसा तिथल्या खात्यांतून फिरला होता.

बँकच सामील असेल तर?

मुंबईच्या पीएमसी बँकेची ७० टक्क्यांहून अधिक कर्जं एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होती. थकबाकी लपवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवल्याचा आरोप झाला. कंपनीचे प्रवर्तक आणि बँकेचे वरिष्ठ अधिकारी अटकेत गेले. पण सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता आले. २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवींचे पूर्ण पैसे मिळायला मात्र १० वर्षांपर्यंतची मुदत ठरली.

तुमच्यासाठी महत्त्वाचं

बँक बुडाली, तर एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच विमा मिळतो. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही.